कृत्रिम बाह्यकर्ण (डिजिटल)

जन्मतः नसलेला किंवा भाजणे, अपघात, कर्करोगाची शस्त्रक्रिया यांत गमावलेला कानाचा बाहेरचा भाग सिलिकोनमध्ये हुबेहूब घडवून बसवतात, त्याला कृत्रिम बाह्यकर्ण म्हणतात. याने बहिरेपण जात नाही. चेहरा भरून दिसतो आणि चष्म्याची काडी टेकायला जागा मिळते. जन्मजात व्यंग (मायक्रोशिया) बहुधा एकाच बाजूला, त्यातही उजवीकडे जास्त आढळते. बरगडीच्या कूर्चेपासून कान घडवण्याची शस्त्रक्रिया हा दुसरा मार्ग. पण त्यासाठी मूल पुरेसे मोठे व्हावे लागते.

कानासाठी दातांच्या डॉक्टरांकडे जायचे, याचे अनेकांना नवल वाटते. वास्तविक हे काम कवळी बनवणाऱ्या कृत्रिमदंतशास्त्राच्याच एका शाखेचे आहे. मुंबईत हे शास्त्र नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयात आणि सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातील शासकीय दंत महाविद्यालयात शिकवले जाते.

पूर्वी शाबूत कानाचा ठसा घेऊन, त्याकडे पाहत मेणात उलट बाजूचा कान कोरावा लागे. आता सीटी स्कॅनने किंवा पृष्ठभाग-स्कॅनरने शाबूत कान टिपतात, संगणकावर त्याची आरशातल्यासारखी उलट प्रतिमा करतात आणि त्रिमितीय मुद्रकावर (थ्रीडी प्रिंटरवर) साचा किंवा नमुना छापतात. दोन्ही कान नसतील, तर भावंडाचा कान स्कॅन करता येतो.

संगणकाचे काम इथे बरेचसे संपते. सिलिकोनमध्ये रंगद्रव्ये मिसळून कातडीचा रंग जुळवणे अजून नजरेचे आणि हाताचेच काम आहे; पाळीची लाली आणि मागच्या घडीची सावली वेगवेगळी भरतात. कुडीसाठी भोकही ठेवता येते. रुग्णाला तोंड उघडायला लावून कड तपासतात, कारण जबडा हलला की कानापुढची त्वचा सरकते आणि पातळ कड उचलली जाते.

बसवण्यासाठी वैद्यकीय गोंद सर्वांत सोपा. पण मुंबईच्या दमट हवेत, लोकलच्या गर्दीत घामाने त्याची पकड सुटते. कानामागच्या हाडात टायटॅनियमचे स्क्रू रोवून त्यांवर चुंबकाने किंवा दांडीवर बसणाऱ्या चिमट्याने कान अडकवण्याची पद्धत 1970च्या दशकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये सुरू झाली. ती अधिक भरवशाची, पण खर्चिक आहे; स्क्रूंभोवतीची त्वचाही रोज स्वच्छ ठेवावी लागते.

ऊन, घाम आणि त्वचेच्या तेलाने रंग उडतो, कडा फाटतात. म्हणून काही वर्षांनी कान बदलावाच लागतो. संगणकातली फाइल जपून ठेवलेली असेल, तर नव्याने माप घ्यावे लागत नाही. रंग मात्र पुन्हा माणूस समोर बसवूनच जुळवतात.