हात बारीक होतोय म्हणजे खुराक कमी पडतोय?

"हात-पाय बारीक व्हायला लागले की तो अशक्तपणा. रोज मालिश, पायाचं सूप आणि धारोष्ण दूध चालू करा, मांस भरून येतं." असा मेसेज बरीच वर्षं फिरतोय. कोल्हापूर तालमींचं गाव. खुराकानं अंग भरताना आपण डोळ्यांनी पाहिलंय, त्यामुळे तो पटणं साहजिकच आहे. पण एएलएस या आजारात तो लागू पडत नाही.

स्नायू हलतो तो मेंदूतल्या आणि मज्जारज्जूतल्या चेतापेशींच्या आदेशावर. एएलएसमध्ये या पेशीच मरत जातात. आदेश थांबला की स्नायू वाळतो, कितीही दूध प्या. (खाणं मात्र कमी करायचं नाही, या आजारात वजन टिकवणं फार महत्त्वाचं.)

ओळखायचं कसं? अशक्तपणा सगळ्या अंगाला जाणवतो. इथे बहुधा एकाच हाताला किंवा पायाला सुरुवात होते: शर्टाचं बटण लागत नाही, अंगठ्याखालचा मांसल भाग खोलगट होतो, एकाच पायातली चप्पल निसटते. चिमटा काढला तर नीट कळतो. अर्धांगवायू अचानक येतो. हे महिनोन्‌महिने वाढत जातं. नुसती पापणी किंवा पोटरी फडफडत असेल तर घाबरू नका, ते बहुतेकदा निरुपद्रवी असतं.

खात्री न्यूरॉलॉजिस्टच्या तपासणीनं आणि ईएमजीनं होते. त्यात बारीक सुईनं स्नायूतले विजेचे संकेत बघतात. एमआरआय काढतात तो मुख्यतः मानेत नस दबलेली नाही ना, हे पाहायला. तसं निघालं तर त्यावर उपाय असतो, म्हणून मालिशीत महिने घालवू नका. एएलएस बरा करणारं औषध अजून नाही. रिलुझोलनं त्याचा वेग थोडा मंदावतो.