‘ऑरेंज’ आधी फळ, मग रंग

कळमन्याच्या बाजारात संत्र्यांचे ढीग पाहताना नागपूरकर मुलांना हमखास सांगतात, की रंगावरूनच या फळाला इंग्रजीत ‘ऑरेंज’ म्हणतात. क्रम नेमका उलटा आहे. इंग्रजीत हा शब्द फळासाठी 14व्या शतकापासून आढळतो आणि रंगासाठी 16व्या शतकात रुळू लागतो. तोपर्यंत त्या छटेला ‘पिवळा-तांबडा’ अशा अर्थाचा जोडशब्द होता. रॉबिन पक्ष्याची छाती नारिंगी असूनही त्याच्या जुन्या इंग्रजी नावात ‘रेड’ आहे, ते यामुळेच. आपणही वेगळे काही केलेले नाही, कारण ‘नारिंगी’ हा रंग ‘नारिंग’ या फळावरूनच आला.

दुसरा समज जरा विद्वान मंडळींत फिरतो. ‘अ नॉरेंज’ म्हणताना ‘न’ मागच्या शब्दाला चिकटला आणि ‘ॲन ऑरेंज’ झाले, असे ते सांगतात. ‘एप्रन’ शब्दाच्या बाबतीत हे खरोखर घडले. ऑरेंजच्या बाबतीत नाही. संस्कृत ‘नारंग’ फारसी आणि अरबीमार्गे युरोपात गेला, स्पॅनिशमध्ये ‘नारांखा’ म्हणून आपला ‘न’ राखून राहिला, पण जुन्या फ्रेंचमध्ये तो इंग्रजीत येण्यापूर्वीच गळला होता.

नेदरलँड्सच्या ‘ऑरेंज’ राजघराण्याचे नाव मात्र मुळात फळाचे नव्हे. ते दक्षिण फ्रान्समधील एका गावाचे असून, त्या गावाचे प्राचीन नाव ‘अराउसिओ’ होते.

आणि 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेले आपले ‘नागपूर ऑरेंज’? वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने ते ‘ऑरेंज’ नव्हे, तर मँडरिन, म्हणजे सैल सालीचे वेगळे लिंबूवर्गीय फळ आहे.