कॅल्क्युलेटर घेण्याआधी, आणि ‘बिघडला’ म्हणून परत आणण्याआधी

दहावीचा निकाल लागला, अकरावी-डिप्लोमाचे प्रवेश सुरू झाले की कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या दुकानाच्या काउंटरवर दिवसभर एकच मागणी असते, ‘एक चांगला सायंटिफिक द्या.’ आम्ही तो लगेच काढून देत नाही. आधी विचारतो, कुठलं बोर्ड, कितवी, शाखा कुठली. गर्दीत काहींना याचा राग येतो. कागल, गडहिंग्लजहून आलेल्या पालकांना परतीची एसटी गाठायची असते, हे आम्हाला ठाऊक आहे. तरी विचारतो, कारण कुठला कॅल्क्युलेटर योग्य हे परीक्षेचा नियम ठरवतो. चुकीचा घेतलात तर पैसे तुमचे जातात, आणि पोराला जी सवय लागते ती ऐन पेपरात उपयोगी पडत नाही.

शाळेच्या पोरांसाठी

राज्य बोर्डाच्या दहावीला कॅल्क्युलेटर चालत नाही. गणिताच्या पेपरात ‘√३ = १.७३ घ्या’, ‘π = ३.१४ घ्या’ असं दिलेलं असतं आणि पुढची आकडेमोड हातानंच करायची असते. बारावीच्या फिजिक्सच्या पेपरावर तर सूचनाच छापलेली असते की लॉग टेबल वापरता येईल, कॅल्क्युलेटर नाही. म्हणून अकरावी सायन्सचं पोरगं आलं की आम्ही त्याला आधी लॉग टेबलचं पुस्तक दाखवतो. त्याची किंमत कॅल्क्युलेटरपुढे काहीच नाही. यात आमचा धंदा होत नाही, पण दोन वर्षं बटणं दाबून उदाहरणं सोडवलेला मुलगा बोर्डाच्या पेपरात लॉग आणि अँटिलॉगचे रकाने शोधत बसतो, हे आम्हाला पटत नाही. जेईई, नीट आणि एमएचटी-सीईटी या तिन्हींनाही कॅल्क्युलेटर नेता येत नाही. सीबीएसईच्या दहावी-बारावीच्या गणितालाही नाही.

आयएससीच्या बारावीला मात्र चालतो, आणि तिथं कॅसिओचा एफएक्स-८२एमएस हाच सांगितलेला आहे. त्याहून भारी घेऊन उपयोग नाही. केंब्रिजच्या आयजीसीएसईला सायंटिफिक लागतो, आयबीच्या गणिताला आलेख काढणारा ग्राफिक लागतो. ग्राफिक आम्ही मागवून देतो. शाळेनं दिलेलं मॉडेलचं नाव कागदावर लिहून आणा.

सहावी-सातवीच्या मुलांना घरचा अभ्यास तपासायला साधा कॅल्क्युलेटर घेणारे पालक बरेच आहेत. त्यांनी एक पाहून घ्यावं. साध्या कॅल्क्युलेटरवर २ + ३ × ४ असं ओळीनं दाबलं की उत्तर २० येतं, कारण तो आधी बेरीज करून मोकळा होतो. सायंटिफिकवर १४ येतं. शाळेत कंचेभागुबेव शिकलेल्या मुलीनं वहीत १४ लिहिलं असेल तर ती बरोबर आहे. तिचं उत्तर खोडू नका.

डिप्लोमा आणि इंजिनिअरिंग: ८२ की ९९१?

इथं सायंटिफिकला पर्याय नाही. डिप्लोमाच्या पेपरावर ‘नॉन-प्रोग्रॅमेबल’ कॅल्क्युलेटर चालेल असं स्पष्ट लिहिलेलं असतं. म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहून साठवता येतो असा नको. कॅसिओच्या ८२एमएस, ९९१एमएस, ९९१ईएस प्लस यांतल्या कशातही प्रोग्रॅम साठवता येत नाही, त्यामुळे तिन्ही चालतात. ९९१ वर फंक्शनं जास्त, म्हणून तो अडवतील ही भीती मनातून काढून टाका.

८२एमएसवर २४० फंक्शनं आहेत, ९९१ईएस प्लसवर ४१७. हे आकडे खोक्यावर मोठ्या अक्षरात असतात आणि ग्राहक त्यावरूनच ठरवतात. आकडा बघू नका, विषय बघा. सिव्हिल, मेकॅनिकलच्या पहिल्या वर्षाला बलांचे घटक काढायचे असोत की सर्व्हेचे अंश-मिनिट-सेकंद, ८२ पुरतो. इलेक्ट्रिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांनी ९९१च घ्यावा, कारण एसी सर्किटमधल्या संमिश्र (कॉम्प्लेक्स) संख्यांची बेरीज-गुणाकार ८२ वर थेट होत नाही. मॅट्रिक्स, दोन-तीन चलांची समीकरणं, वर्गसमीकरणाची उत्तरंही ९९१ वर मिळतात. पुढे बी.ई. करायचं नक्की असेल तर एकदाच ९९१ घेतलेला बरा. नक्की नसेल तर ८२ घ्या आणि उरलेल्या पैशात ड्रॉइंगचं सामान चांगलं घ्या.

‘उत्तर चुकीचं येतंय’

या पत्रकाचं खरं कारण हे आहे. कॅल्क्युलेटर बिघडला म्हणून जे ग्राहक परत येतात, त्यांतल्या बहुतेकांचा कॅल्क्युलेटर ठणठणीत असतो. फक्त कोन मोजायचं एकक बदललेलं असतं. यासाठी पन्हाळ्याहून, राधानगरीहून खेप मारावी लागते, तुमचा दिवस मोडतो, आणि काउंटरवर तेवढा वेळ बाकीचे ग्राहक खोळंबतात.

कोन तीन एककांत मोजता येतो. पूर्ण वर्तुळ म्हणजे ३६० अंश, किंवा २π रेडियन, किंवा ४०० ग्रेडियन. कॅल्क्युलेटरला ३० दिले की हे ३० कशाचे, हे तो सेटिंगवरून ठरवतो. स्क्रीनवर वरच्या बाजूला बारीक अक्षर असतं: डी म्हणजे अंश, आर म्हणजे रेडियन, जी म्हणजे ग्रेडियन. साइन ३० दाबून बघा. ०.५ आलं तर डी आहे. उणे ०.९८८० आलं तर आर, ०.४५३९ आलं तर जी. तिन्ही उत्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, यंत्रात दोष नाही.

पेपरात हे किती महाग पडतं ते पाहा. १०० न्यूटनचं बल आडव्याशी ३० अंशांत आहे, आडवा घटक काढा. उत्तर ८६.६ न्यूटन. आर वर राहिलेला कॅल्क्युलेटर १५.४ दाखवतो. सूत्र बरोबर, पायऱ्या बरोबर, उत्तर चूक, आणि १५.४ हा आकडा दिसायला इतका साधा की पोराला शंकाही येत नाही. त्यातून तो पुढच्या तीन उपप्रश्नांत वापरायचा असेल तर सगळंच गेलं.

हे अक्षर आपोआप बदलत नाही. धाकटा भाऊ मोडचं बटण दाबत बसतो, किंवा वर्गात रेडियनचं उदाहरण झालं आणि सेटिंग तसंच राहिलं. बंद करून चालू केल्यानं ते पुसलं जात नाही, इथंच सगळे फसतात.

एमएस मॉडेलवर मोड पुन्हा पुन्हा दाबत राहा; डेग, रॅड, ग्रा अशी ओळ आली की १ दाबा. ९९१ईएस प्लसवर शिफ्ट, मोड, मग ३. नव्या ९९१सीडब्ल्यूवर बटणांची मांडणीच वेगळी आहे, तिथं सेटिंग्जमध्ये जाऊन कोनाचं एकक निवडावं लागतं. तरीही घोळ सुटला नाही तर सगळं मूळ स्थितीत आणा: एमएसवर शिफ्ट, मोड, ३, बरोबरचं चिन्ह, ईएस प्लसवर शिफ्ट, ९, ३, बरोबरचं चिन्ह. यात मेमरीत साठवलेले आकडेही जातात.

म्हणून कायम डी वरच ठेवायचा असंही नाही, आणि हे काही क्लासवालेसुद्धा सांगत नाहीत. इलेक्ट्रिकलला v = १०० साइन ३१४t असं समीकरण येतं. हे ३१४ म्हणजे २π गुणिले ५० हर्ट्झ, तेव्हा साइनपुढचा कोन रेडियनमध्ये आहे. t ला ०.००२ सेकंद घातलं तर आर वर ५८.७५ व्होल्ट येतात, डी वर जेमतेम १.१. उदाहरणात अंशाची खूण असेल तर डी, कोनात π असेल किंवा तो वरच्या ३१४t सारखा ωt असा असेल तर आर. पेपर हातात पडला की नाव-नंबर लिहिण्याआधी साइन ३० दाबायची सवय लावा.

नवा कॅल्क्युलेटर देताना आम्ही तो तुमच्यासमोर खोक्यातून काढून साइन ३० करून दाखवतो आणि मगच बिल करतो. थोडा वेळ जातो. तो आम्ही वाया गेला असं मानत नाही, कारण फुटपाथवर किंवा ऑनलाइन घेतलेल्याला हे कुणी करून दाखवत नाही. दुसरीकडे घेतलेला आणलात तरी दाखवून देऊ.

‘उत्तर दशांशात येत नाही’ ही तक्रार ईएस प्लसवाल्यांची. √८ चं उत्तर २√२ असं पुस्तकातल्यासारखं येतं. मध्ये दुहेरी बाण असलेलं एस-डीचं बटण दाबा, २.८२८ दिसेल.

कॉमर्स आणि व्यापार

सीए फाउंडेशन देणाऱ्यांनी सायंटिफिक मुळीच घेऊ नये. तिथं जास्तीत जास्त १२ आकडे, सहा क्रिया आणि दोन मेमरी, एवढंच चालतं. शिवाय सेलवर चालणारा आणि आवाज न करणारा हवा. शाहूपुरीतले गुळाचे व्यापारी आमच्याकडून जो मोठ्या बटणांचा १२ आकडी नेतात, साधारण त्याच जातीचा. फक्त दाबताना आवाज होत नाही ना, हे दुकानातच पाहून घ्या.

बदलून देण्याबद्दल

तुमच्यासमोर उघडून दाखवलेला नग तुमचा. नंतर ८२ देऊन ९९१ मागितलात तर आम्ही देत नाही. पुढच्या ग्राहकाला नवा म्हणून वापरलेला नग द्यायचा नाही, हा आमचा नियम आहे. म्हणूनच सुरुवातीला इतके प्रश्न विचारतो. खरोखरचा दोष असेल तर बिल आणि शिक्का मारलेलं वॉरंटी कार्ड घेऊन या, कंपनीकडे आम्ही पाठवतो. स्क्रीन अंधुक झाली असेल तर तो सेल संपलाय. सेलचे पैसे घेतो, बदलून देण्याचे नाही. परीक्षा सुरू व्हायच्या आधी एकदा बदलून न्या, आणि सेल बदलल्यावर वरचं ते बारीक अक्षर पुन्हा बघा.