निराधारचे पैसे, रेशनचं धान्य आणि ग्रीन कार्ड

अमेरिकेतल्या पोरानं आईबापाच्या ग्रीन कार्डाचा विषय काढला की वर्धा-यवतमाळकडच्या गावांत हटकून एक सल्ला फिरतो: ‘रेशन कार्ड रद्द करा, निराधारचे पैसे बंद करा, नाहीतर व्हिसा अडकते.’ काही संबंध नाही. ‘पब्लिक चार्ज’च्या, म्हणजे ‘हा माणूस पुढं सरकारवर ओझं होईल का’ या निकषात अमेरिकेतल्या सरकारांची मदत मोजतात. श्रावणबाळ, पीएम किसान त्यात येत नाहीत. असल्या सल्ल्यापायी हक्काचं धान्य सोडून बसलेले म्हातारे दिसले की डोकं फिरतं.

खरा घोळ तिथल्या मदतीचा आहे. रेशनचं धान्य वेगळं आणि निराधारचे पैसे वेगळे, हे आपल्याला सांगावं लागत नाही. अमेरिकेची रेघ जवळपास तिथूनच जाते. अमेरिकेत राहून अर्ज करणाऱ्यांसाठी डिसेंबर 2022 पासूनचा नियम बघतो तो रोख मदतीकडे: एसएसआय (गरीब म्हातारे-अपंगांचे पैसे), टॅनफ (गरीब कुटुंबांचे पैसे), राज्यांची तशीच मदत. फूड स्टॅम्प (धान्य-किराण्यापुरती मदत), विक (गरोदर बाया आणि लहान पोरांचा पोषण आहार), शाळेतलं जेवण धरत नाहीत. मेडिकेड, म्हणजे गरिबांचा सरकारी आरोग्य विमा, तोही नाही, मात्र सरकारी खर्चानं नर्सिंग होममध्ये दीर्घकाळ राहिलं तर ते धरतात.

लोक फसतात ते कार्डापाशी. फूड स्टॅम्प ईबीटी नावाच्या एटीएमसारख्या सरकारी कार्डावर जमा होतात, आणि टॅनफची रोख रक्कमही पुष्कळदा त्याच कार्डावर येते. म्हणून ‘कार्ड घेतलं, संपलं’ असा समज. कार्ड एक, खाती दोन. रक्कम कोणत्या खात्यातली, एवढंच विचारा. उलट बाजूही आहे. बेकारी भत्ता रोखच मिळतो, पण तो नोकरीशी जोडलेल्या विम्याचा, म्हणून मोजत नाहीत. तिथं जन्मलेल्या नातवाचं मेडिकेड त्याच्या आईबापाच्या खाती लावत नाहीत. आणि रोख घेतली म्हणून अर्ज आपोआप फेटाळला जात नाही. वय, तब्येत, शिक्षण, मालमत्ता सगळं मिळून पाहतात.

2019 चा नियम फूड स्टॅम्प आणि मेडिकेडही धरायचा. तो 2021 मध्येच गेला, व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र ठणठणीत आहे. नोव्हेंबर 2025 मध्ये 2022 चा नियमही काढून टाकण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा अर्जाच्या वेळचा नियम वकिलाला विचारा. एजंटाला नको, बाप्पा.

गावातून जाणाऱ्या आईबापांची मुलाखत मुंबईच्या वकिलातीत होते. तिथं अमेरिकी परराष्ट्र खात्याची नियमपुस्तिका चालते आणि फायलीत जड असतो तो पोराचा हमीपत्राचा फॉर्म, आय-864. त्याचं उत्पन्न सहसा अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या निदान 125 टक्के लागतं, आणि माणसं मोजताना त्याच्या बायकापोरांसोबत येणारे आईबापही धरतात.