सात आठे किती? मधूनच विचारून बघा

माझी मुलगी तिसरीत आहे आणि सातचा पाढा तिला पाठ आहे. म्हणजे सात एके सात पासून सात दाहे सत्तर पर्यंत एका दमात, मान डोलवत, न अडखळता म्हणते. पण भाजी निवडता निवडता मी मधूनच विचारलं, "बाळा, सात आठे किती?" की डोळे वर जातात, ओठ हलायला लागतात, सात एके सात, सात दुणे चौदा... आणि बोटं मोजत आठव्या पायरीवर पोचली की उत्तर येतं. कधी छप्पन्न, कधी चोपन्न.

अशा वेळी लक्ष नाही म्हणून मुलांना ओरडा बसतो, पण लक्षाचा प्रश्नच नाहीये. पाढा डोक्यात गाण्यासारखा बसलेला असतो. आरतीतली मधलीच ओळ कोणी विचारली तर आपणही मनात सुरुवातीपासून म्हणतो ना, मागची ओळ पुढचीला ओढून आणते, तसंच हे. भागाकार करताना मात्र एवढा वेळ नसतो, सात आणि आठ दिसले की सरळ छप्पन्नच यायला हवं.

आणि ते चोपन्न उगाच आलेलं नाही बरं का. मुलं चुकतात तेव्हा उत्तर बहुतेक वेळा पाढ्यांमधलंच असतं, ५४, ६३, ४८ असं. ५७ फारसं कोणी म्हणत नाही, कारण मेंदूत हे सगळे आकडे एकमेकांना चिकटून साठवलेले असतात आणि एक शोधताना शेजारचा हाताला लागतो. त्यात मराठीत चोपन्न आणि छप्पन्न कानालाही सारखेच, त्यामुळे गोंधळ वाढत असणार असं मला वाटतं. पाढे आपण बरेचसे शब्दांच्या रूपातच लक्षात ठेवतो, म्हणून तर मराठी शाळेत शिकलेली माणसं कितीही वर्षं परदेशात राहिली तरी हिशोब करताना बऱ्याचदा "आठ सक" असंच पुटपुटतात. तेव्हा तालात म्हणणं सोडू नका, फक्त तिथेच थांबू नका.

पुढचं काम आठवायला लावण्याचं. २००६ मध्ये अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले, काहींनी ते परत परत वाचले, काहींनी एकदा वाचून नंतर न बघता आठवून लिहिले. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे, पण आठवड्यानंतर घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे. म्हणजे पाढ्याचा तक्ता बघून दहा वेळा वाचण्यापेक्षा तक्ता झाकून विचारलेलं जास्त टिकतं.

दुसरं म्हणजे सरावात दिवसांचं अंतर ठेवणं. जर्मनीच्या एबिंगहाउस या मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग छापले, निरर्थक अक्षरं पाठ करायची आणि किती विसरतो ते मोजायचं. एकाच दिवशी ६८ वेळा घोकून जेवढं राहिलं तेवढंच तीन दिवसांत विभागून ३८ वेळात राहिलं! रविवारी तासभर बसवण्यापेक्षा रोज पाच मिनिटं का बरी, ते इथे कळतं.

आणि मुळात पाठ करायचं वाटतं तेवढं नसतं. ताटलीत शेंगदाण्यांच्या तीन ओळी लावा, प्रत्येकीत चार, आणि ताटली फिरवा, आता चार ओळी झाल्या, प्रत्येकीत तीन, दाणे तेवढेच. हे एकदा हाताने केलं की दहापर्यंतचे शंभर गुणाकार ५५ वर येतात. एक, दोन, पाच, दहा सोपेच. नऊला दहा पट करून तो आकडा वजा करायचा, नऊ साते म्हणजे सत्तरातून सात गेले, त्रेसष्ट. सहा सक छत्तीस सारखे तोच आकडा दोनदा येणारे गुणाकार मुलांना आपसूक लवकर बसतात. मग खरे अवघड उरतात फक्त दहा, ३, ४, ६, ७, ८ या आकड्यांच्या आपसातल्या जोड्या.

त्या दहांची आम्ही कार्डं केली आणि फ्रिजवर लावली, दोन्ही बाजूंनी विचारायची, सात आठे पण आणि आठ साते पण, क्रम रोज वेगळा. चुकलं की लगेच बरोबर उत्तर सांगायचं आणि पाच-दहा मिनिटांनी परत विचारायचं. घड्याळ लावून नाही विचारायचं, भीती वाटली की डोक्यातली हिशोबाची जागा त्या भीतीनेच भरते आणि येत असलेलंही आठवत नाही.

आठ कार्डं पक्की होऊन फ्रिजवरून निघाली, दोन राहिलीत, सहा साते आणि सात आठे. मुलगी दूध घ्यायला फ्रिजपाशी गेली की मी विचारते.