पीबीसीच्या नव्या औषधाच्या ट्रायलमध्ये भाग घ्यायचाय? पात्रता, कागदपत्रं आणि सह्या

पीबीसी म्हणजे प्रायमरी बिलिअरी कोलॅंजायटिस. आपलीच प्रतिकारशक्ती लिव्हरमधल्या बारीक पित्तनलिकांवर उठते, पेशंट बहुतेक चाळिशी ओलांडलेल्या बायका, आणि खाज तर अशी की रात्री झोप नाही. पहिलं औषध उर्सो (उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड), पण ते सगळ्यांना पुरत नाही, म्हणून तर ट्रायल, म्हणजे नव्या औषधांच्या पेशंटवरच्या चाचण्या, चालतात. एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेलपारला अमेरिकेत 2024 मध्ये मंजुरी मिळाली ती अशाच ट्रायलमधून, आणि अहमदाबादच्या झायडसचं सारोग्लिटाझारही पीबीसीवर तपासलं गेलंय.

यासाठी सरकारी फॉर्म वगैरे काही भरायचा नसतो. सीटीआरआय, म्हणजे भारतातल्या ट्रायलची सरकारी नोंदवही, तिच्या साइटवर आजाराचं नाव टाकून शोधायचं, भारतातली पेशंटभरती चालू आहे का ते बघायचं, मग त्यात दिलेल्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांना आपल्या लिव्हरवाल्या डॉक्टरांकडून चिठ्ठी घेऊन गाठायचं. नाव लावून देतो म्हणून कोणी पैसे मागितले तर सरळ उठून या.

पात्रता प्रत्येक ट्रायलची वेगळी, पण एलाफिब्रॅनॉर आणि सेलाडेलपारच्या मोठ्या ट्रायलमध्ये साधारण असं होतं की वय 18 ते 75, उर्सो निदान वर्षभर घेतलेलं किंवा ते सोसत नाही, आणि तरी अल्कलाइन फॉस्फटेज (लिव्हरच्या रक्ततपासणीतला एक आकडा) लॅबच्या वरच्या मर्यादेच्या 1.67 पट किंवा जास्त. म्हणजे रिपोर्टवर मर्यादा 120 असेल तर तुमचा आकडा 200 च्या वर हवा. पोटात पाणी झालेलं, हिपॅटायटिस बी किंवा सी, प्रेग्नन्सी, यात बहुतेक नाव कटतंच.

कागदपत्रांमध्ये आधार, एएमए (पीबीसी ओळखायची रक्ततपासणी) रिपोर्ट, जुने एलएफटी (लिव्हरच्या रक्ततपासण्या), सोनोग्राफी, फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी), बायोप्सी झाली असेल तर तोही. पण खरं अडतं ते उर्सोच्या चिठ्ठ्यांवर! डोस आणि तारीख दिसणाऱ्या जुन्या चिठ्ठ्या लोक टाकून देतात आणि मग वर्षभर गोळी घेतली हे दाखवायचं कशावरून? वजनही लिहून ठेवा, कारण उर्सोचा डोस किलोमागे 13 ते 15 मिलिग्रॅम धरतात.

मग संमतीपत्र. ते तुम्हाला समजेल अशा भाषेत मागा, मराठी हवं तर मराठी, आणि घरी नेऊन वाचा. वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार लागतो. त्यात शिक्षण, वार्षिक उत्पन्न आणि नॉमिनीचं नाव विचारतात, नॉमिनी बघून लोक दचकतात, पण 2019 च्या क्लिनिकल ट्रायलच्या सरकारी नियमांच्या नमुन्यातच तो रकाना आहे, भरपाईची वेळ आली तर लागतो. कुणाला खरं औषध आणि कुणाला नुसती प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली, गोळी हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, डॉक्टरांनाही माहीत नसतं, पण उर्सो सोसत असेल तर ते सहसा चालूच ठेवतात. सही केलेल्या कागदाची एक प्रत तुमची, ती घेतल्याशिवाय निघू नका, कारण पेशंटच्या हक्कांवर लक्ष ठेवणाऱ्या एथिक्स कमिटीचा संपर्क त्यातच असतो आणि मधेच ट्रायल सोडायची असली तर कधीही सोडता येते, नेहमीचे उपचार त्यामुळे थांबवता येत नाहीत.