गृहवनस्पती, कमी निगेच्या (कोकण किनारा)

घराच्या छपराखाली, थेट उन्हाशिवाय आणि थोड्या देखभालीवर कुंडीत किंवा पाण्याच्या भांड्यात अनेक वर्षे टिकणाऱ्या शोभिवंत वनस्पती. ‘गृहवनस्पती’ हा शब्द ग्रांथिक असून व्यवहारात ‘शोभेची झाडे’ किंवा ‘इनडोअर झाडे’ असे म्हटले जाते. कोकणात झाडांची जागा पूर्वापार खळ्यात (घरापुढच्या अंगणात) आणि परसात होती. घराच्या आत कुंडी ठेवण्याची पद्धत तुलनेने अलीकडची असून ती ओटी व पडवी या अर्ध्या उघड्या जागांतून आत आली असावी, कारण आजही किनाऱ्यावरच्या बहुतेक कुंड्या तेथेच दिसतात. दारासमोरच्या वृंदावनातील तुळस या वर्गात मोडत नाही. तिला रोज कित्येक तासांचे ऊन लागते आणि घरात ठेवलेली तुळस हळूहळू खंगत जाते.

निवडीचा निकष : ‘कमी निगेची’ हे विशेषण झाडापेक्षा जागेवर अधिक अवलंबून असते. या विषयावरील बरेचसे लेखन थंड प्रदेशांतील घरे डोळ्यांसमोर ठेवून झालेले आहे. तेथे हिवाळ्यात खोल्या तापवल्यामुळे हवा कोरडी पडते, म्हणून पानांवर पाण्याचा फवारा मारावा, कुंडीखाली पाण्याची बशी ठेवावी, नेचे व मरांटा कुलातील (कॅलॅथियासारखी) झाडे नवख्याने घेऊ नयेत आणि कोरडेपणा सोसणारी मांसल झाडे निवडावीत, असा सल्ला दिला जातो. कोकणात यातील जवळजवळ प्रत्येक गोष्ट उलटी लागू पडते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाला साधारण २,५०० ते ३,५०० मिमी. पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. या काळात हवेतील आर्द्रता पुष्कळदा ८५ टक्क्यांच्या वर राहते, कुंडीतील माती दिवसचे दिवस सुकत नाही आणि आकाश ढगाळलेले असते. त्यातच ओटी-पडवीवर झड येऊ नये म्हणून झावळ्यांचे झाप किंवा अलीकडे प्लॅस्टिकचे कापड बांधले जाते, त्यामुळे उरलासुरला उजेडही तुटतो. म्हणून किनाऱ्यावर झाड सोपे की अवघड हे त्याला किती दिवस पाण्यावाचून राहता येते यावरून ठरवणे पुरेसे नाही. ओलसर माती, साचलेली हवा आणि मंद उजेड यांत ते आषाढ-श्रावण काढते का, हा प्रश्न आधी विचारावा लागतो.

याचे कारण मुळांच्या श्वसनात आहे. मातीच्या कणांमधील पोकळ्या पाण्याने भरल्या की मुळांना प्राणवायू मिळत नाही आणि पिथियम, फायटॉप्थोरा यांसारखे जलप्रिय रोगकारक बळावतात. सुपारीच्या बागांत पावसाळ्यात फळे गळवणारा कोळेरोग फायटॉप्थोरामुळेच होतो व त्यासाठी बागायतदार पाऊस सुरू होण्यापूर्वी बोर्डो मिश्रण फवारतात. कुंडीतील मूळकूज हा त्याच स्वभावाचा आजार होय. निवडुंग, जेड आणि बहुतेक मांसल झाडे इतरत्र सोपी मानली जातात, पण पडवीत ती एका पावसाळ्यात बुडापासून मऊ पडतात. उलट नेचे, कॅलॅथिया, अँथुरियम, बिगोनिया ही इतरत्र नाजूक ठरलेली झाडे कोकणात फारशी विचारपूस न करताही तरारतात.

दुसरा निकष उजेडाचा. भर दुपारच्या उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे १ लाख लक्स असते, तर खिडकीपासून दोन-तीन मीटर आत ती काही शे लक्सवर येते. डोळा या फरकाला सहज जुळवून घेत असल्यामुळे माणसाला खोली उजळ वाटते आणि झाड मात्र उपाशी राहते. कौलारू घराचे माजघर या दृष्टीने कोणत्याही झाडाला कायमचे राहण्याजोगे नाही. क्रोटन व कोलियस यांच्या पानांचे रंग उजेडावर अवलंबून असल्याने ती पडवीच्या कडेला किंवा कुंपणालाच शोभतात.

सर्पपर्णी आणि मूर्वेचा प्रश्न : सर्पपर्णी, म्हणजे ‘स्नेक प्लांट’ या नावाने विकली जाणारी, उभ्या तलवारीसारख्या पट्टेदार पानांची वनस्पती कमी निगेच्या झाडांत पहिली सांगितली जाते. ती मूळची उष्ण कटिबंधीय पश्चिम आफ्रिकेतील असली, तरी तिचे शास्त्रीय नाव भारतीय वनस्पतींवरील ग्रंथातून प्रसिद्ध झाले : डेव्हिड प्रेन यांनी १९०३ मध्ये बंगालच्या वनस्पतींवरील ग्रंथात तिला सॅन्सेव्हिएरिया ट्रायफॅसिएटा हे नाव दिले. यावरून निदान विसाव्या शतकाच्या आरंभी ती बंगालमधील बागांत लागवडीस होती, असे म्हणता येते; कोकणात ती त्यानंतर केव्हातरी पोहोचली असावी. रेणवीय पुराव्यांवरून सॅन्सेव्हिएरिया ही प्रजाती ड्रॅसीना प्रजातीत विलीन करण्यात आली आणि २०१७ पासून ड्रॅसीना ट्रायफॅसिएटा हे नाव वापरात आले. रोपवाटिकांत मात्र जुने नावच चालते.

ही वनस्पती म्हणजे प्राचीन संस्कृत ग्रंथांतील, धनुष्याच्या दोरीसाठी धागा देणारी ‘मूर्वा’ होय, असे विधान पुष्कळदा केले जाते. मनुस्मृतीत (२.४२) क्षत्रियाची मेखला मूर्वेच्या धनुष्यदोरीची असावी असे सांगितले आहे, आणि मूर्वेच्या संस्कृत पर्यायांत ‘धनुःश्रेणी’ हा शब्द येतो. भारताच्या पूर्व किनाऱ्याकडे आढळणाऱ्या सॅन्सेव्हिएरिया रॉक्सबर्घियाना या देशी जातीच्या पानांपासून बळकट धागा निघतो. म्हणून वनस्पतिज्ञ विल्यम रॉक्सबर्ग यांच्या काळापासून अनेक वनस्पतिज्ञांनी तीच मूर्वा मानली व बंगालमधील वैद्यपरंपरेतही तसा वापर आहे. केरळात कोनेमॉर्फा ही वेल मूर्वा म्हणून वापरतात. महाराष्ट्रात मोरवेल, म्हणजे क्लेमॅटिस प्रजातीतील वेल, त्या जागी येते. आयुर्वेदाच्या शासकीय औषधिकोशाने मार्सडेनिया टेनॅसिसिमा ही वेल स्वीकारली आहे. अमरकोशातील ‘गोकर्णी’ आणि ‘पीलुपर्णी’ ही पर्यायनामे पाहता, गाईच्या कानासारखे रुंद पान तलवारीसारख्या ताठ पानाच्या झाडाला लावणे कठीण जाते. चिवट धागा देणाऱ्या एखाद्या रुंदपर्णी वेलीचा पक्ष त्यामुळे अधिक ग्राह्य वाटतो. मूर्वा कोणतीही ठरली, तरी कुंडीतली पट्टेदार सर्पपर्णी ही आफ्रिकेतून आलेली वेगळी जाती आहे, आणि मूर्वेचे औषधी गुण तिच्यावर लादणे योग्य नाही.

सर्पपर्णी आपली पर्णरंध्रे मुख्यतः रात्री उघडते, कार्बन डायऑक्साइड आत घेऊन आम्लरूपाने साठवते आणि दिवसा तो वापरते. या प्रक्रियेची एक जुनी नोंद भारतातच झाली. वनस्पतिज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीची पाने सकाळी आंबट आणि दुपारपर्यंत बेचव लागतात असे निरीक्षण १८१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पत्रात मांडले होते. कोकणातल्या गडग्यांवर (दगडी कुंपणांवर) आणि कुंड्यांतून आढळणाऱ्या पानफुटीचे पान चाखून हे कोणालाही ताडून पाहता येईल. मात्र यावरून निघालेला ‘सर्पपर्णी रात्री प्राणवायू सोडते’ हा समज चुकीचा आहे. प्राणवायू प्रकाशातच तयार होतो. रात्री घडते ते केवळ कार्बन डायऑक्साइडचे ग्रहण. पावसाळ्यात या झाडाला पाणी पूर्ण थांबवावे लागते, आणि हीच त्याची खरी निगा होय. झीझी या पूर्व आफ्रिकी झाडालाही तोच नियम लागू पडतो. त्याची बटाट्यासारखी जाड मूलक्षोडे (जमिनीखालची खोडे) पाणी साठवतात आणि ओल्या मातीत लवकर सडतात.

मनी प्लांट : कोकणातील घराघरांत, बाटलीपासून माडाच्या खोडापर्यंत, सर्वांत अधिक दिसणारी वेल. हिच्या नावाचा इतिहास गुंतागुंतीचा आहे. १८८० मध्ये लिंडेन व आंद्रे यांनी तिला पोथॉस ऑरियस म्हटले. १९०८ मध्ये एंग्लर यांनी ती सिंडॅप्सस प्रजातीत घातली. १९६०च्या दशकाच्या आरंभी फूल पाहावयास मिळाल्यावर ती रॅफिडोफोरा प्रजातीत गेली, आणि लगेचच १९६४ मध्ये बंटिंग यांनी एपिप्रेम्नम ऑरियम हे आजचे नाव दिले. काही अभ्यासक तिला एपिप्रेम्नम पिनॅटमचाच प्रकार मानत. एवढे फेरबदल होण्याचे कारण असे की या कुलात जात ओळखण्यासाठी फूल लागते आणि ही वेल जवळजवळ कधीच फुलत नाही. जिबरेलिन या संप्रेरकाच्या निर्मितीतील एका जनुकाचे कार्य बिघडलेले असल्याने असे घडते, हे २०१६ मध्ये दाखवून देण्यात आले. मूलस्थानाबाबतही एकवाक्यता नव्हती. उद्यानविद्येच्या जुन्या पुस्तकांत सॉलोमन बेटे असा उल्लेख आढळतो, परंतु फ्रेंच पॉलिनेशियातील मोओरेआ हे बेट हे मत आता सर्वसाधारणपणे स्वीकारले जाते. प्रशांत महासागरातून आलेली आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रथम वर्णिलेली ही वेल प्राचीन वास्तुग्रंथांत असणे शक्य नाही. तिच्यामुळे धन येते किंवा तिची फांदी मागून न आणता चोरून लावावी, हे संकेत अर्वाचीन लोकसमजुतीचे होत.

वाढीसाठी पेराखालून कापलेली फांदी लावतात. पेराजवळच अपस्थानिक (खोडातून फुटणाऱ्या) मुळांचे उंचवटे असतात. नुसते पान देठासह पाण्यात ठेवल्यास मुळे फुटतात, पण वेल होत नाही. कुंडीत लोंबती ठेवली की पाने लहान राहतात आणि खोडावर चढू दिली की परातीएवढी होतात, म्हणून माडावरची वेल वेगळ्याच जातीची असावी असे अनेकांना वाटते.

स्थानिक वनस्पती : सह्याद्रीच्या उतारांवरील सावलीत वाढणाऱ्या अनेक वनस्पती गृहवनस्पती म्हणून अधिक लक्ष देण्याजोग्या आहेत. विहिरीच्या काठावर व जांभ्याच्या गडग्यांवर आपोआप उगवणारे नेचे पडवीत विनासायास राहतात. पोफळीच्या बागेतील सावलीची सवय असलेल्या नागवेल आणि मिरी या वेली उजळ पडवीत चांगल्या येतात व उपयोगीही पडतात. लोंबत्या कुंड्यांत लावला जाणारा दक्षिण आफ्रिकेचा स्पायडर प्लांट आणि कोकणातील पावसाळी रानभाजी फोडशी ही एकाच क्लोरोफायटम प्रजातीची रोपे आहेत. मात्र फोडशी पावसानंतर जमिनीखाली विसावते, तर स्पायडर प्लांट बारमाही हिरवा राहतो. आंबा-फणसाच्या खोडांवर वाढणारी सीतेची वेणी ही आमरी (ऑर्किड) सोडणावर (नारळाच्या तंतुमय सालीवर) बांधून वाढवता येते, परंतु रानातून उपटून आणलेली रोपे बहुधा टिकत नाहीत आणि झाड मात्र ओकेबोके होते.

माती व पाणी : जांभ्याची नुसती लाल माती कुंडीत दगडासारखी बसते. तिच्यात सोडणाचे तुकडे, जांभ्याचा भरड चुरा आणि कुजलेले शेणखत मिसळले म्हणजे पाणी निथळते. समुद्राची वाळू क्षारयुक्त असल्याने वापरू नये. खाडीलगतच्या विहिरींचे पाणी मार्चनंतर मचूळ होते. स्पायडर प्लांट व कॅलॅथिया यांच्या पानांची टोके त्या सुमारास करपतात ती पुष्कळदा त्यामुळेच, आणि त्यावर अधिक पाणी घालण्याचा उपाय नुकसान वाढवतो. साठवलेले पावसाचे पाणी अशा झाडांना मानवते. खाऱ्या वाऱ्याने पानांवर बसलेला मिठाचा थर महिन्या-दोन महिन्यांनी गोड्या पाण्याने पुसून काढावा. पिठ्या ढेकूण उन्हाळ्यात आणि गोगलगायी पावसाळ्यात त्रास देतात.

कुंडीखालच्या बशीतील स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडिस डास अंडी घालतो आणि अंड्यापासून डास होण्यास आठवडा-दीड आठवडा पुरतो. ही अंडी कोरड्यात अनेक महिने जिवंत राहत असल्याने बशी नुसती ओतून न देता घासावी. पाण्याच्या बाटलीतील मनी प्लांटलाही हे लागू आहे.

विषारीपणा व हवाशुद्धी : मनी प्लांट, डिफेनबॅकिया, अँथुरियम, झीझी ही अळूच्या कुलातील झाडे होत. त्यांच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि ते टोचल्याने खाज सुटते. अळूच्या फदफद्यात चिंच किंवा आमसूल घालण्यामागे हीच खाज टाळण्याचा हेतू असतो. डिफेनबॅकियाचे पान चावल्यास जीभ व घसा सुजून बोलणे अवघड होते, त्यामुळे रांगते मूल असलेल्या घरात हे झाड खाली ठेवू नये.

गृहवनस्पती हवा शुद्ध करतात या समजाचा आधार १९८९ मधील नासाच्या प्रयोगांत शोधला जातो. ते प्रयोग लहान, बंदिस्त पेट्यांत झाले होते. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पुनर्विश्लेषणानुसार, साध्या वायुवीजनाने जेवढी हवा स्वच्छ होते तेवढी झाडांकडून व्हावी यासाठी दर चौरस मीटरला १० ते १,००० झाडे लागतील. वाऱ्याला मोकळ्या असलेल्या कोकणी घरात हा लाभ गृहीत धरण्याचे कारण नाही.

बंद घरे : चाकरमान्यांची घरे गणेशोत्सव, शिमगा आणि मे महिना यांच्या मधल्या काळात कुलुपबंद असतात. दिवाळीपासून शिमग्यापर्यंतच्या कोरड्या महिन्यांत सर्पपर्णी व झीझी यांना एकदाही पाणी न मिळाले तरी ती पुष्कळदा तग धरतात. जून ते गणेशोत्सव या काळात मात्र बंद, दमट खोलीपेक्षा झापामागची पडवीच बरी, आणि कुंड्या जमिनीवर न ठेवता दोन चिऱ्यांवर टेकवून, बश्या काढून ठेवतात.